खलाशांची वकील व्हायचंय

प्रश्न : मी हर्णैची, बारावी कॉमर्सला आहे. बाबा ट्रॉलरवर खलाशी. गेल्या डिसेंबरात जाळं ओढताना विंचमध्ये त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, वर वीस हजार दिले आणि 'आता काही मागणं नाही' अशा कागदावर सही घेतली. मला अशा माणसांची वकील व्हायचंय. काका म्हणतात, त्यासाठी मुंबईला जाऊन मेरिटाइम लॉ, म्हणजे सागरी कायदा, करावा लागतो. खरं का?

उत्तर : मेरिटाइम लॉ चांगलाच विषय आहे, पण त्यात मुख्यतः मोठी जहाजं, माल, विमा आणि हायकोर्ट. तुझ्या बाबांसारख्यांचा दावा सहसा कामगार न्यायालयात, नुकसानभरपाई आयुक्तांपुढे चालतो. त्यामागचा 1923 चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे.

तिथे मालकाच्या वकिलाचा ठरलेला बचाव असतो : हा नोकर नव्हेच, वाटेकरी आहे! आपल्याकडे हिशेब मासळीच्या वाट्यावर, नेमणूकपत्र कुणाकडेच नाही. मग डिझेल-बर्फ कुणाचं, उचल कुणी दिली, बोटीवरून उतरवायचा अधिकार कुणाला, हे साक्षीतून उभं करावं लागतं. आणि साक्षीदार कोण? पुढच्या हंगामात त्याच मालकाकडे जाणारा खलाशी, नाहीतर गावी परतलेला नेपाळी पोरगा. उलटतपासणीत इथेच खटला जिंकतो किंवा हरतो. ही बंदराची भाषा तुला घरातच मिळाली आहे. शहरातल्या वकिलाला ती शिकायला वर्षं लागतील.

दुसरी मेख भरपाई ज्यावर ठरते त्या टक्केवारीची. कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं म्हणजे कमाईच्या क्षमतेत 20 टक्के घट. पण 1970 च्या दशकात सुप्रीम कोर्टाने हात गमावलेल्या एका सुताराला पूर्ण अपंग मानलं, कारण त्याला सुतारकाम करताच येणार नव्हतं. खलाशाच्या हाताबद्दल असा युक्तिवाद कुठवर टिकेल, हे तपासणं तुझं काम.

वाट तशी सरळ आहे. बारावीनंतर राज्याची लॉ सीईटी देऊन पाच वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा बी.कॉम. करून तीन वर्षांचा. मी पाच वर्षांचाच सुचवेन, एक वर्ष वाचतं. मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलमध्ये नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा. फक्त खलाशांच्या दाव्यांवर सुरुवातीला पोट भरणार नाही. जोडीला मोटार अपघाताचे दावे घ्यावे लागतील. काकांना हे आधीच सांगून ठेव.

आणि बाबांचं काय? हक्क सोडल्याचा तसला कागद कायद्यापुढे टिकत नाही. दावा मात्र अपघातापासून दोन वर्षांच्या आत लावायला हवा. डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं आणि त्या कागदाचा मोबाइलवर फोटो असेल तर तो, असं सगळं घेऊन बाबांबरोबर दापोलीच्या तालुका विधी सेवा समितीकडे (तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते) जा. परीक्षा संपायची वाट पाहू नकोस.