दुष्काळात धरणातली जुनी शहरं वर येतात, हा पुरातत्त्वाचा फायदाच ना?

फायदा आहे, पण हाती वेळ फार थोडा असतो. इराकमध्ये दुष्काळात पिकं वाचवायला मोसुल धरणातून पाणी सोडलं आणि केमुने इथलं सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचं, मितान्नी या प्राचीन राज्याच्या काळातलं शहर उघडं पडलं. जर्मन आणि कुर्दी संशोधकांनी जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये अक्षरशः धावपळीत उत्खनन केलं. मातीच्या भांड्यांत शंभरावर कीलाक्षरी (खिळ्यांसारख्या खुणांच्या प्राचीन लिपीतल्या) मातीच्या पाट्या सापडल्या, काही तर मातीच्याच पाकिटात! कच्ची माती, चाळीसेक वर्षं पाण्याखाली, तरी टिकलेली. नंतर भिंतींवर प्लास्टिक अंथरून वर खडी टाकली, मग पाणी पुन्हा चढलं.

खरा घात या वर-खाली होण्यानेच होतो. कच्च्या विटा भिजतात, उन्हात तडकतात, पुन्हा भिजल्या की ढासळतात. इराकमधल्याच बाबिलोन या प्राचीन शहरात तर भूजलातला क्षार विटांत चढून त्यांचा भुगा होतोय. त्यावर प्लास्टिक आणि खडीचा इलाज चालत नाही.