प्रत्येकाकडे अपुरी माहिती असताना समूहाचा अंदाज बरोबर कसा येतो? यंत्रंही असंच शिकतात का?

चुका वेगवेगळ्या दिशांच्या असल्या की एकमेकींना खोडतात, म्हणून. १९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या प्रदर्शनात एका बैलाचं कापून साफ केल्यावरचं वजन ओळखायची स्पर्धा होती. सहा पेन्स भरायचे, आकडा लिहून द्यायचा. इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने नंतर ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधला अंदाज १२०७ पौंड, खरं वजन ११९८! (त्यांत खाटीक आणि शेतकरीही होते, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात.)

यंत्रांत 'रँडम फॉरेस्ट' ही पद्धत हेच मुद्दाम घडवून आणते. संख्याशास्त्रज्ञ लिओ ब्रायमन यांनी ती २००१ मध्ये मांडली. तीत अनेक निर्णयवृक्ष असतात, म्हणजे एकामागून एक प्रश्न विचारत फाटे फुटत उत्तराशी पोचणाऱ्या रचना. प्रत्येक वृक्षाला मूळ नोंदींपैकी साधारण ६३ टक्केच दिसतात, शिवाय दर फाट्यावर माहितीचे मोजकेच रकाने बघायची मुभा. एकेकटं झाड कच्चंच असतं, पण शेकडो झाडांचा कौल बराच भरवशाचा निघतो.

अट मात्र कडक आहे. पहिल्याने आकडा मोठ्याने सांगितला की बाकीचे त्याच्याभोवतीच घुटमळतात, आणि हजार मतं जेमतेम चार-दोन मतांच्या किमतीची उरतात. झाडांचंही तेच: ती एकसारखी निघाली, तर संख्या वाढवून काही हाती लागत नाही.