गेममधली अवाढव्य तलवार किंवा बंदूक जोडलेली तलवार खऱ्या लढाईत चालेल का?

अवाढव्य तलवार अजिबात नाही. दीड मीटर लांब, 25 सेंटिमीटर रुंद आणि 1 सेंटिमीटर जाड पोलादी पातंच 29 किलोंच्या पुढे जातं. खरी एकहाती तलवार साधारण 1 ते सव्वा किलोची. एवढ्या वजनाचा वार सुरू करण्यापेक्षा थांबवणं अवघड. एकदा हुकला की अंग उघडं पडतं.

बंदूक-तलवारी मात्र खरोखर बनल्या, आपल्याकडे पिस्तुलं जोडलेल्या कट्यारीही आहेत. पण नळीने तोल बिघडतो, वार अडवताना बसणाऱ्या हादऱ्यांनी चापाची यंत्रणा ढिली होते, आणि बार उडाल्यावर झटापटीत पुन्हा ठासायला सवड नसते.

गेममधलीच तारेत ओवलेल्या तुकड्यातुकड्यांची, चाबकासारखी सुटणारी तलवार सगळ्यांत कुचकामी. सगळा ताण आतल्या तारेवर, आणि खुपसायला ताठपणाच नाही.

टिकलेलं उत्तम जोडशस्त्र म्हणजे दांडपट्टा: हाताचं चिलखत आणि पातं एकत्र. त्यात मनगट जखडतं, म्हणून तो खांद्या-कमरेतून फिरवावा लागतो आणि भोवती मोकळी जागा लागते. पुण्यात असाल तर केळकर संग्रहालयातली शस्त्रं बघा. पात्याची जाडी मुठीपासून टोकाकडे कशी बदलते ते बाजूने वाकून पाहा.