उंबरठ्यावर रांगोळी, अंगणात भोपळा

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा आठ वर्षांचा आहे, मुलगी पाच वर्षांची. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. सप्टेंबर संपायच्या आतच मुलांनी हॅलोविनचा धोशा लावला असून दारावर कवटी आणि हाडांचा सापळा टांगायचे त्यांनी ठरवून टाकले आहे. सासूबाईंना ते मुळीच मान्य नाही. ‘ज्या दारातून लक्ष्मी यायची त्या दारात हाडं टांगायची का?’ असे त्यांनी विचारले. यजमानांचे म्हणणे असे, की इथे राहायचे तर इथल्यासारखे राहावे. या सगळ्यात परवा मुलगा सहज बोलून गेला, ‘मला दिवाळीपेक्षा हॅलोविन जास्त आवडतं.’ तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : कवटीचा प्रश्न सुटण्यासारखा आहे आणि तो आपण सोडवूच, पण आपल्याला खरा चटका मुलाच्या वाक्याचा बसला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. गेल्या वर्षी या दोन सणांत त्याने स्वतःच्या हातांनी काय काय केले, हे आपण एका कागदावर लिहून पाहावे. हॅलोविनसाठी त्याने शेतावर जाऊन भोपळा निवडला असेल, तीन आठवडे आधी पोशाख ठरवला असेल, भोपळ्यातला गर ओरबाडून काढला असेल, पिशवी घेऊन गल्लीतली पंचवीस दारे वाजवली असतील आणि रात्री जमिनीवर सगळा खाऊ ओतून बहिणीशी त्याची देवाणघेवाण केली असेल. दिवाळीत मात्र बहुधा शनिवारी एका सभागृहात टोचणारा कुर्ता घालून तो दोन तास बसला असेल, दुकानातून आणलेला फराळ त्याने खाल्ला असेल आणि आईने सांगितले तेव्हा फोटोसाठी हसला असेल. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हेच घडते, माझ्याही घरी काही वर्षे हेच घडले. मूल रमते ते त्याच्या हाताला काम असते तिथे. परदेशातल्या धावपळीत आपण दिवाळीतली मुलांची कामे एकेक करून काढून घेतली आणि त्यांना फक्त प्रेक्षक करून ठेवले. त्याची हॅलोविनची आवड कमी करण्यात आपली शक्ती खर्च करू नये. दिवाळीतली त्याची कामे तेवढी त्याला परत द्यावीत.

आता सासूबाईंच्या आक्षेपाकडे वळू. त्यांच्या बोलण्याला जुनाट म्हणून बाजूला सारू नये, कारण त्यात उंबरठ्याविषयीचा आदर आहे आणि तो मुलांनी शिकावा असाच आहे. त्याबरोबर या सणाचे मूळही त्यांना शांतपणे सांगावे. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेतला सर्व संतांचा दिवस आणि त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये सुगी संपून हिवाळा सुरू होताना ‘साविन’ नावाचा जुना सण पाळला जाई. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे परततात अशी समजूत होती. तिकडचे लोक सलगमासारखे कंद कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत आले आणि कोरायला सोपा, आकाराने मोठा असा इथला भोपळा त्यांच्या हाती लागला. पितृपक्षात पान वाढणाऱ्या, सर्वपित्री अमावास्या पाळणाऱ्या बाईला यातले काहीच फार परके वाटणार नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडणे हेही आपलेच, आणि गोव्यात त्याच पहाटे पोरांनी खपून उभे केलेले, मोठ्या दातांचे आणि बटबटीत डोळ्यांचे नरकासुर जाळले जातात. भीतीला आकार देऊन तिच्याशी खेळणे मुलांना सगळीकडेच हवे असते.

दोन्ही सण एकच आहेत, असे मात्र मुलांना सांगू नये. ‘दिवाळी म्हणजे आपला हॅलोविन’ हे वाक्य शाळेत सोयीचे वाटते, पण त्याने दोन्हींवर अन्याय होतो.

कवटीसाठी मी असे सुचवेन, की उंबरठा, दाराची चौकट आणि त्यासमोरची पायरी आजीच्या ताब्यात द्यावी. तिथे तोरण, रांगोळी आणि आकाशकंदील यांशिवाय काहीही लागणार नाही. पत्रपेटीजवळची हिरवळ आणि तिथले झाड मुलांच्या ताब्यात राहील. तिथे त्यांनी कोळ्याची जाळी आणि सापळे हवे तेवढे टांगावेत आणि १ नोव्हेंबरला स्वतःच्या हातांनी उतरवून खोक्यात भरावेत. माझ्या ओळखीच्या दोन घरांत ही वाटणी काही वर्षे नीट चालली आहे.

भोपळ्याचे काम मात्र आजीकडेच सोपवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आमच्याकडे माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचाही या प्रकाराला विरोध होता. अखंड भोपळा बाईने आधी चिरायचा नाही, ही त्यांच्या माहेरची रीत. म्हणून पहिली सुरी यजमानांनी लावली. मग ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्या आणि माझी मुलगी समोरासमोर बसल्या. मुलीचे हात कोपरापर्यंत त्या थंड, बुळबुळीत गरात गेलेले, आणि आजी भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत निघालेल्या म्हातारीची गोष्ट सांगत होती. कोल्हा आणि वाघ आडवे येतात त्या ठिकाणी मुलीचा चमचा थांबे. गोष्ट संपली तेव्हा मुलीने भोपळ्यावर भुताचे तोंड कोरण्याचा बेत सोडून चष्म्यातली म्हातारी कोरली, आणि त्या रात्री आमच्या दारातल्या भोपळ्याला आजीसारखे नाक होते. बिया धुऊन, वाळवून तिखटमीठ लावून भाजल्या. कोरायचा मोठा भोपळा पाणचट असतो, त्याचे घारगे जमत नाहीत; घारग्यांसाठी लहान, गोड जातीचा भोपळा वेगळा आणावा आणि गूळ घालून ते त्याच संध्याकाळी तळावेत.

हे दोन सण कधीकधी एकाच दिवशी येतात, तेव्हा पंचांगाची अडचण होते. २०२४ साली महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झाले, पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या सकाळी लागून दुसऱ्या दिवशी सकाळीच संपत होती, त्यामुळे प्रदोषकाळी अमावास्या मिळत होती ती ३१ तारखेलाच, म्हणजे ऐन हॅलोविनच्या संध्याकाळी. आम्ही पूजा साडेपाचला आटोपली आणि सहा वाजल्यापासून दार उघडे ठेवले. एक लहानगा सापळा पायरीवर आला, रांगोळी पाहून थबकला, आणि बाजूने पाय टाकत, तोल सावरत, रांगोळीला धक्का न लावता त्याने पिशवी पुढे केली. लक्ष्मीच्या वाटेवर त्या संध्याकाळी निदान साठ मुले येऊन गेली आणि प्रत्येकाला काहीतरी मिळाले. यात अशुभ काय, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. अशा वेळी पायरीवर तेलाच्या पणत्या ठेवू नयेत, कारण लोंबते पोशाख चटकन पेट घेतात. बाहेर बॅटरीचे दिवे लावावेत, खऱ्या पणत्या घरात देवापुढे असाव्यात.

खाऊ बंद वेष्टनातलाच द्यावा; घरची चकली कितीही खुसखुशीत झाली असली तरी अनोळखी घरातला सुटा पदार्थ इथले पालक टाकून देतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. आपण शाकाहारी असाल तर आपल्या मुलांनी आणलेला खाऊही वाचून घ्यावा : मार्शमेलो, गमी आणि बहुतेक कँडी कॉर्न यांत जिलेटिन असते, आणि ते सहसा डुकराच्या किंवा गायीच्या कातडी-हाडांपासून बनते. याच कारणाने आपले मुसलमान आणि ज्यू शेजारीही पाकिटे उलटून पाहतात. दारात निळसर-हिरवा भोपळा दिसला, तर त्या घरी ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी खाण्याव्यतिरिक्त काही छोट्या वस्तू ठेवलेल्या आहेत असे समजावे.

गल्लीतली सगळीच घरे हा सण पाळतात असे नाही. कित्येक सनातनी ख्रिस्ती आणि मुस्लिम कुटुंबे श्रद्धेपोटी त्यापासून दूर राहतात. ज्या घराचा दिवा बंद असेल तिथे घंटा वाजवायची नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. पोशाखाबाबतही एक नियम मी पाळते : कोणाच्या धर्माचा वा समाजाचा वेश गंमत म्हणून घालायचा नाही, आणि आपले देव किंवा शिवाजी महाराज हेही हॅलोविनचे सोंग होऊ द्यायचे नाहीत.

शाळेबाबत आपण संकोच करू नये. न्यू जर्सीत राज्याच्या शिक्षण मंडळाने मान्य केलेल्या धार्मिक सणांच्या यादीत दिवाळी आहे, आणि पालकांनी लेखी पत्र दिल्यास त्या दिवसाच्या गैरहजेरीमुळे मुलाचे पारितोषिक बुडत नाही, चुकलेली परीक्षाही नंतर देता येते. शेजारच्या न्यूयॉर्क शहरात १ नोव्हेंबर २०२४ रोजी सरकारी शाळांना प्रथमच दिवाळीची सुट्टी मिळाली, आणि त्यामागे पालकांची अनेक वर्षांची खटपट होती. पत्र दोन आठवडे आधी द्यावे आणि वर्गात येऊन मुलांकडून कागदी कंदील करून घेण्याची तयारी त्यातच कळवावी.

राहिली दिवाळीतली कामे. २०२६ मध्ये हॅलोविन शनिवारी येतो आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी. म्हणजे मध्ये पूर्ण आठवडा मिळतो. भोपळे उतरवले, की त्याच जागी किल्ला करायला घ्यावा. जमीन अजून गोठलेली नसते. विटा, दगड आणि जुने गोणपाट रचून त्यावर चिखल थापावा, आणि हळीव आठवडाभर आधीच एका उथळ ताटात पेरून ठेवावा, कारण इथल्या थंडीत तो बाहेर लवकर उगवत नाही. किल्ला तयार झाला की हिरवळ उचलून उतारावर बसवावी. मावळे भारतातून मागवता आले नाहीत तर मातीचेच करावेत. कोणता किल्ला करायचा हे मुलाने ठरवावे, आणि त्यावरचा बुरूज ढासळला तर तो आपण दुरुस्त करू नये. करंज्यांच्या कडा कातणीने कापण्याचे काम पाच वर्षांच्या मुलीला सहज जमते. सासूबाई साताऱ्याच्या आहेत, तेव्हा अजिंक्यतारा त्यांनी रोज पाहिलेला असणार. किल्ल्याची वाट कुठून काढायची हे मुलांनी त्यांनाच विचारावे.