मण्यारदंशाचा सिनॅरिओ अडकतोय? आधी ‘कुणीच काही केलं नाही’ तो रस्ता लिहा

सर, तुमचा प्रश्न वाचला. इंटर्नसाठी मण्यारदंशाचा सिनॅरिओ (सरावाचा प्रसंग) तुम्ही सिममॅनवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या पेशंटच्या मॅनिकिनवर, ऑटोमॅटिक मोडमध्ये बसवलाय. स्टेट (पेशंटच्या अवस्था) वाढत वाढत गेल्या, आणि मुलांनी ठरलेल्या क्रमाबाहेर काही केलं की सगळं जिथल्या तिथं थांबतं. मग ऑपरेटर हाताने आकडे बदलत बसतो.

विषय फार योग्य निवडलाय. आपल्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत फडाच्या कडेला खोपीत जमिनीवर झोपणारी कितीतरी माणसं असतात. मण्यार रात्री चावते, दुखत फारसं नाही, खूण बऱ्याचदा दिसतही नाही. पहाटे शाहूवाडी-गगनबावड्याकडून पोटदुखी म्हणून आलेला पेशंट मण्यारीचा असू शकतो, ही शंका इंटर्नला आपणहून यायला हवी.

अडकण्याचं कारण बहुतेक हे आहे: ‘एएसव्ही (सापाच्या विषावरचं प्रतिविष) सुरू केलं’, ‘अ‍ॅम्बू (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) लावली’ हे इव्हेंट तुम्ही एकेका स्टेटच्या आत बांधलेत. पेशंट दुसऱ्या स्टेटमध्ये असताना कुणी तिसऱ्यातलं काम केलं, तर सॉफ्टवेअरला ते कळतच नाही. उपचाराचे इव्हेंट स्टेटच्या बाहेर ठेवा, सिनॅरिओभर कधीही दाबले तरी चालतील असे.

आणि लिहायला सुरुवात उपचारापासून करू नका. कुणीच काही केलं नाही तर हा माणूस कसकसा खालावत जाईल, तेवढंच आधी लिहा. आजार आपल्या वेळेने पुढे जात राहतो, मुलं त्यात हात घालतात. हा पाया असला की मुलांनी काहीही केलं तरी सिनॅरिओ चालू राहतो.

स्टेट चार पुरतात. पहिली: पोटात कळा, नाडी 100, बीपी 130/80, श्वास 18, सॅच्युरेशन 98. दुसरी: पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आवाज नाकातून, थुंकी गिळता येत नाही, श्वास 24 पण उथळ. तिसरी: श्वास 8, सॅच्युरेशन घसरतंय. चौथी: ट्यूब टाकलीय, व्हेंटिलेशन नीट चाललंय, आकडे स्थिर, पण शरीर लुळंच.

दुसऱ्या स्टेटवर जास्त मेहनत घ्या, कारण शिकण्यासारखं सगळं तिथं आहे. सिममॅन 3जीच्या पापण्या अर्ध्या मिटवता येतात, ते जरूर वापरा. सॅच्युरेशन मात्र इथं 96-97 च राहू द्या. मुलं मॉनिटर बघून निर्धास्त होतात. पापणी आणि आवाज बघून अ‍ॅम्बू बॅग जवळ घ्यायची सवय लागायला हवी. तिसऱ्या स्टेटमध्ये घसरण एका सरळ ट्रेंडने दाखवू नका. 97 वरून 90 पर्यंत सावकाश, 90 च्या खाली भराभर, असे दोन ट्रेंड जोडा. हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडतं ते असंच, आणि वॉर्डातही मुलांना हेच दिसणार आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या सिनॅरिओत एएसव्ही दिल्यावर थोड्याच वेळात पापण्या उघडतात आणि पेशंट बोलायला लागतो, असं तुम्ही लिहिलंय. ते आजच काढा. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं. एएसव्ही रक्तात फिरणारं विष निकामी करतं, झालेली इजा भरून काढत नाही. असे पेशंट कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर राहतात आणि बरे होऊन घरी जातात. मॅनिकिन लगेच बरं झालं तर मुलं तेच खरं धरतील, आणि उद्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात दहा व्हायल संपल्यावर श्वासाकडे बघण्याऐवजी पापणी उघडायची वाट बघत बसतील. निओस्टिग्मिन या नागदंशात चालणाऱ्या औषधाचंही तेच: नागाचा सिनॅरिओ लिहाल तेव्हा त्यानंतर पापणी उघडू द्या, मण्यारीत त्याच्यावर काही अवलंबून ठेवू नका.

एएसव्हीची रिअ‍ॅक्शन ही एकच फांदी वेगळी काढा. सलाईनमधून एएसव्ही सुरू झाल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी, घरघर, बीपी 80/50. एएसव्ही थांबवून अ‍ॅड्रेनालिन 0.5 मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत दिलं की बीपी हळूहळू वर. इथं मात्र सुधारणा दाखवायचीच, कारण ती खरोखर होते.

वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीचा निकाल कार्डावर छापून ठेवा: ‘रक्त गोठलं’. रक्त गोठू न देणारी घोणस डोक्यात असलेली मुलं एवढ्यावरून ‘विषारी नाही’ म्हणून मोकळी होतात. त्यावर डेब्रिफिंगमध्ये (सरावानंतरच्या चर्चेत) बोलायला भरपूर मिळतं.

पेशंटच्या वतीने माईकवर बोलणारा माणूस आपल्या भागातला घ्या. ‘पोटात लई कळ मारायलीया’ पासून ‘डॉक्टर, डोळं उघडंनात’ पर्यंत आवाज कसा बसत जातो, हे त्याला आधी करून दाखवा. चौथ्या स्टेटमध्ये त्याने गप्प राहायचं, पण कॉटजवळ मुलं काय बोलतात ते लिहून घ्यायचं. हा पेशंट लुळा असला तरी शुद्धीवर असतो, त्याला सगळं ऐकू येतं. बाहुल्या मोठ्या आणि प्रकाशाला न हलणाऱ्या ठेवल्यात, तर कुणीतरी ‘ब्रेन डेड’ म्हणणारच. तो शब्द पेशंटने ऐकला, हे नंतर त्यांना सांगा.

शेवट पेशंटला सीपीआरला (कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) पाठवण्यावर करा. 108 आली आहे, ट्यूब अजून टाकलेली नाही, पेशंट दुसऱ्या स्टेटमध्ये आहे: वाटेत श्वास थांबला तर अ‍ॅम्बू कोण देणार, हे गाडी हलायच्या आधी ठरलं पाहिजे.

मुलांपुढे नेण्याआधी सहकाऱ्यांबरोबर तीनदा चालवून बघा: एकदा काहीच न करता, एकदा सगळं बरोबर करून, एकदा मुद्दाम उलट क्रमाने. तिसऱ्या फेरीत न अडकता शेवटपर्यंत गेला, तरच पक्का समजा. सत्रानंतर लॉगमधून (सॉफ्टवेअरच्या नोंदीतून) पापणी मिटल्याची वेळ आणि अ‍ॅम्बू सुरू केल्याची वेळ शेजारी शेजारी लिहून फळ्यावर मांडा. डेब्रिफिंग तिथूनच सुरू करा.