रत्नागिरीत अंगणात ताटाएवढ्या फुलांची ‘हार्डी हिबिस्कस’ (थंडी सोसणारी परदेशी जास्वंद) येईल का? ऑनलाइन बिया मागवू का?

बी रुजेल, झाडही वाढेल. फुलाची खात्री मात्र मी देणार नाही.

बियांच्या जाहिरातींतल्या फोटोत दिसते ती हिबिस्कस मॉश्युटॉस आणि तिचे संकर. ही मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या दलदलींतली. थंडीत जमिनीपर्यंत वाळते आणि वसंतात गड्ड्यातून पुन्हा फुटते. पाणथळीतलीच असल्यामुळे आपला पाऊस तिला मारत नाही. अडतं ते दिवसाच्या लांबीवर. कळी धरायला तिला साधारण चौदा तासांचा दिवस लागतो आणि रत्नागिरीत जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आतच संपतो, त्यातून वर ढग. म्हणून पानं भरघोस आणि फूल नाही, अशी तक्रार होते.

तरी हौस असेल तर फेब्रुवारीत बी लावा. कवच टणक असतं. सँडपेपरवर एका बाजूने हलकं घासायचं, कोमट पाण्यात रात्रभर भिजवायचं आणि अर्धा इंच खोल पेरायचं. पुढे बारा इंची कुंडी, खाली पाण्याची थाळी आणि किमान सहा तास ऊन. रोपं फूटभर झाली की कुंडी ओट्यावरच्या दिव्याखाली ठेवून रात्री दहा ते दोन दिवा चालू ठेवा. रात्र मधेच तुटली की झाडाला दिवस मोठा वाटतो. बिया घेताना एवढं बघा: पांढरा, गुलाबी, लाल हे रंग खरे. निळ्या किंवा इंद्रधनुषी फुलाचा फोटो असेल तर पैसे वाचवा.

माझं मत विचाराल तर अंगणात गावठी लाल जास्वंदच लावा. तिला दिवसाच्या लांबीचं सोयरसुतक नाही, पण मुळाशी साचलेलं पाणी ती सोसत नाही. कोकणात जास्वंद मरते ती बहुतेक याच कारणाने. पागोळ्यांखाली तर ती कधीच लावू नका. कातळावर जेमतेम वीतभर माती असेल तर खड्डा खणण्यापेक्षा चिरे रचून दीड फूट उंच वाफा करा: दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी रेती आणि दोन मुठी निंबोळी पेंड. रेती नदीची हवी, किनाऱ्यावरची खारट वाळू नको. दिवाळीनंतर आळ्यात नारळाची सोडणं पसरा, ओल टिकते. पाऊस लागायच्या आधी ती काढून टाका.

फांदी जूनअखेरीस लावा. पेन्सिलएवढी जाड, सात-आठ इंच लांब, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका. शेंड्याची दोन पानं अर्धी कापून ठेवायची, बाकीची काढायची. दोन डोळे मातीत जायला हवेत. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. मधे उपटून बघायचा मोह आवरा.

गणपतीत फुलं हवी असतील तर छाटणीचा हिशेब आधीच करावा लागतो. कळी नव्या फुटव्याच्या शेंड्याकडे येते आणि फुटवा तयार व्हायला अडीच-तीन महिने जातात. त्यामुळे मेच्या शेवटी किंवा फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात एक तृतीयांश छाटा. जाड कापांवर आंब्याला लावतात तीच बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, नाहीतर पावसात फांदी कापापासून खाली वाळत जाते. भर जुलैत कात्री लावू नका.

खताच्या बाबतीत सुपर फॉस्फेटचा मारा टाळा. स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालं की लोह आणि जस्त मिळेनासं होतं, आणि कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या अशी दिसतात. पाणी साचलं तरी असंच दिसतं, म्हणून आधी निचरा तपासा. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं, तेव्हा पानांच्या कडा करपतात. त्याला औषध नाही, गोडं पाणीच द्यावं लागतं.

मेमध्ये शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर दिसला की तो पिठ्या ढेकूण. खोडावर मुंग्यांची रांग असतेच. ढेकणाचा गोड चिकटा त्या खातात आणि त्याला राखतात. भरलेले शेंडे कापून जाळा, बाकी झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि एक-दोन मिली भांड्यांचा द्रव साबण घालून पानांच्या खालून फवारा, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा. फुलं देवाला जाणार, लहान मुलंही तोडणार, तेव्हा झाडात भिनणारी कीटकनाशकं नकोत.

कळ्या न उमलता गळत असतील तर एक फोडून बघा. आत बारीक अळ्या असतील तर गळलेल्या सगळ्या कळ्या रोज वेचून नष्ट करा, नाहीतर अळी मातीत उतरून पुन्हा वर येते. आत काही नसेल तर पाणी कमी-जास्त होतंय, किंवा पोफळीची सावली पडतेय.