बाबा उमेदवाराची बाजू घेतात, माझी घेतील का?

ताई, आमच्याकडे लोकसभेची पोटनिवडणूक आहे. बाबा जुने कार्यकर्ते, दिवसरात्र प्रचारात. त्यांच्या उमेदवारांनी एका मुलाखतीत सांगितलं की समलिंगी जोडप्यांना लग्नाचा कायदेशीर हक्क मिळायलाच हवा. तेव्हापासून विरोधक तुटून पडलेत आणि बाबा भेटेल त्याच्याशी वाद घालतायत. परवा काकांना म्हणाले, "दोन सज्ञान माणसांनी कुणाबरोबर राहायचं हे ठरवणारे आपण कोण?" मी २७ वर्षांची, कमावती. एका मुलीवर माझं प्रेम आहे, आम्हाला आयुष्य एकत्र काढायचंय. घरात कुणालाच माहीत नाही. उलट स्थळं बघणं चालू आहे. आत्ताच सांगून टाकू? की उमेदवार निवडून येऊन कायदा होईपर्यंत थांबू?

सांग. पण मतदान होऊ दे, मतमोजणी होऊ दे, मग सांग. कायद्याची वाट मात्र बघू नकोस.

सध्या तुझ्या घरात येणारा प्रत्येक माणूस मतांचा हिशेब करतोय. अशा दिवसांत तू बोललीस, तर बाबांच्या मनात पहिल्यांदा काय येईल? "हे बाहेर कळलं तर लोक म्हणतील, मुलीसाठीच हा एवढा भांडतोय." म्हणजे तुला उत्तर देईल तो कार्यकर्ता, बाप नव्हे. आणि त्या धास्तीत तोंडून गेलेलं एखादं वाक्य तू जन्मभर विसरणार नाहीस.

आता बाबांच्या त्या वाक्याबद्दल. जगातल्या सगळ्या मुलींबाबत उदार असणारे आणि स्वतःच्या मुलीला वेगळा नियम लावणारे वडील मला पत्रांतून पुष्कळ भेटतात, हे तुझ्यापासून लपवणार नाही. उमेदवारावरची निष्ठा माणसाकडून बरंच काही बोलवून घेते. पण नुसती निष्ठाच असती, तर "ते साहेबांचं वैयक्तिक मत आहे" एवढं म्हणून त्यांना हात झटकता आले असते. प्रचारात सगळे तेच करतात. तुझे बाबा घरात, सख्ख्या भावासमोर, "आपण कोण" म्हणाले. पक्षाला त्या वाक्याची गरज नव्हती. मी त्याला किंमत देते.

म्हणून आधी विचारून बघ. दोघंच असाल तेव्हा म्हण, "बाबा, ते तुम्हाला स्वतःला पटतं का?" आणि गप्प बस. त्यांना विचार करू दे. आणखी काही दिवसांनी विचार, "आपल्या नात्यात असं कुणी असतं तर?" या दुसऱ्या प्रश्नाला ते काय म्हणतात, त्यापेक्षा किती वेळ घेतात ते बघ. लगेच झिडकारलं, तर आधी आईशी किंवा विश्वासातल्या एखाद्या नातेवाइकाशी बोल.

कायद्याचं म्हणशील, तर १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि असा कायदा करणं संसदेचं काम आहे. फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. म्हणजे खासदाराच्या मताला आज खरोखर वजन आहे, आणि असं उघडपणे बोलणाऱ्या उमेदवाराबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण एकटा खासदार किती करणार? एप्रिल २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडायचं विधेयक, लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाल्याला १९७० नंतर मुहूर्तच लागलेला नाही. बाबांच्या उमेदवाराला मत जरूर दे, सभेत उभी राहून "संसदेत नेमकं काय कराल?" असंही विचार. तुमचा संसार मात्र त्यांच्या निकालावर टांगून ठेवू नकोस.

लग्नाचा कागद नसला तरी काही कागद आजही करता येतात. दोघींचं संयुक्त बँक खातं उघडता येतं, त्यात एकमेकींना नॉमिनी करता येतं. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तसं स्पष्टच केलंय. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, म्हणून मृत्युपत्रही करा. वय लहान आहे म्हणून टाळू नका. तुमच्यासारख्या जोडप्यांना नात्याने मिळत नाही ते कागदाने मिळवावं लागतं, आणि याचा मला राग येतो.

घरात कुणी "डॉक्टरला दाखवू" म्हणालं, तर ठाम नकार दे. हा आजार नाही. असे "उपचार" करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच जाहीर केलंय. बोलण्याच्या दिवशी तुझी कागदपत्रं, बँकेचं पासबुक तुझ्या ताब्यात असू दे आणि रात्री गरज पडली तर जायला एक घर ठरलेलं असू दे. तिचं नाव घ्यायचं की नाही, ते तिला विचारूनच ठरव. तिच्या घरीही माणसं आहेत.

स्थळांचं मात्र निकालापर्यंत थांबवू नकोस, आजच बोल. त्यासाठी सगळं सांगावं लागत नाही. "मला लग्न करायचं नाही, माझ्या वतीने कुणाला शब्द देऊ नका," एवढं आईबाबांना सांग. पाहण्याच्या कार्यक्रमाला "एकदा बसून तर बघ" म्हणतील, तरी बसू नकोस. पलीकडच्या मुलालाही कुणीतरी आशा लावलेली असते.

— ताई